पेन्टीचे चाळीस सेकंद

ओइवा : ...म्हणून हा खणायचा काटा असा तिरका घालायचा. सरळ घातलास की नेमका बटाट्यातून जातो. बूट आहेत का तुझ्याकडे दुसरे?

वेर्ना : मी बटाटे काढायला नाही आले, ओइवा. ओउलू शहरातून सकाळची बस पकडली, दुकानापाशी उतरले आणि तिथून पुढे फोनवरचा नकाशाच गेला. शेवटचे चार किलोमीटर धुराच्या वासावर चालत आले.

ओइवा : सॉनाचा धूर. शनिवार आहे ना, वाफ घ्यायचा दिवस. बायकोने, मार्केताने, आज लवकर पेटवला.

वेर्ना : तीस वर्षं जगाला मोबाइलचं नेटवर्क पुरवणारा माणूस, आणि त्याच्या तळ्यावरच्या घराला रेंज नाही?

ओइवा : म्हणूनच घेतलं. कुठे रेंज पोचत नाही त्याचा नकाशा मीच काढायचो. ह्या भागात तीन भोकं होती. एकात दलदल आहे, एकात मार्केताची बहीण राहते. हे तिसरं.

वेर्ना : तुम्ही ओळखता ना मला?

ओइवा : वेर्ना. चौथा मजला. माझ्यापासून दोन टेबलं सोडून. पाच वर्षं झाली. तुझ्या कपाचा कान तुटलाय.

वेर्ना : पाच वर्षांत आपण एकदाही बोललो नाही.

ओइवा : काम नाही पडलं.

वेर्ना : आता पडलंय. तुम्ही रजेवर आहात, रजा संपली की निवृत्त होणार, आणि मला सोमवारी सकाळी नऊला उत्तर द्यायचंय. टॉवरखालच्या पेटीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ आहे. वीज आली की पेटीने चाळीस सेकंद गप्प बसायचं, मग प्रक्षेपण सुरू करायचं. आणि त्या ओळीवर लिहिलंय, "ओइवाला विचारल्याशिवाय हात लावू नका."

ओइवा : हो. आहे.

वेर्ना : का आहे?

ओइवा : थांब जरा. हा काटा खाली ठेवतो. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

वेर्ना : सत्तावीस वर्षांत?

ओइवा : "विचारा" असं लिहिलेलं होतं, तरी.

वेर्ना : लोकांना वाटलं, फार खोल काहीतरी असणार. त्या ओळीवर चौदा पानांची टिपणी आहे आमच्याकडे. एक म्हणतो, आतला स्फटिक तापायला वेळ लागतो. दुसरा म्हणतो, उपग्रहाचं घड्याळ जुळवायला लागतो. तिसऱ्याने त्यावर पदव्युत्तर प्रबंध लिहिला.

ओइवा : माहितेय. परीक्षक मीच होतो.

वेर्ना : आणि तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?

ओइवा : त्याने मला विचारलं नाही. त्याने सिद्ध केलं. चांगलं सिद्ध केलं होतं, आलेखबिलेख काढून. मी पहिली श्रेणी दिली.

वेर्ना : आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीने आपली पेटी फोडून बघितली आणि त्यांच्या पेटीतही चाळीस सेकंद घातले, हे ऐकलंत?

ओइवा : पन्नास. त्यांना आमच्यापेक्षा सुरक्षित दिसायचं होतं.

वेर्ना : हे बघा, एका बेटांच्या देशातलं गिऱ्हाईक आहे. तिथे दिवसातून सहा वेळा वीज जाते. त्यांचं म्हणणं, वीज आली की तीस सेकंदांत फोन लागला पाहिजे. आपली पेटी सत्तावन्न घ्यायची. मी आतलं सगळं घासूनपुसून पाहिलं, दोन सेकंद वाचले, पंचावन्नवर आली. मग ही ओळ सापडली. आता सांगा.

ओइवा : कंपनीच्या जुन्या इमारतीत तळघरात सॉना होता.

वेर्ना : मी सॉनाचं नाही विचारलं.

ओइवा : सॉनाचंच विचारलंयस. आमच्या गटाची पाळी गुरुवारी असायची. तिसऱ्या मजल्यावर चाचणीची पेटी होती, आणि वायरमनने पेटी आणि सॉनाची विजेची भट्टी एकाच फ्यूजवर टाकलेली. दोन्ही एकदम चालू झाली की अख्खी इमारत काळोखात. संचालकांसकट.

वेर्ना : मग वायर बदलायची.

ओइवा : घरमालकाला पत्र लिहिलं होतं. उत्तर अजून यायचंय.

वेर्ना : किंवा गुरुवारी चाचणी करायची नाही.

ओइवा : सोमवार ते बुधवार लिहायचो आम्ही. लिहिलेलं गुरुवारी चालवायचो. आणि सॉना सोडायचा म्हणतेस?

वेर्ना : नाही, ते नाही म्हणत.

ओइवा : तर मी वर संगणकापाशी, आणि पेन्टी खाली सॉनात. पेन्टी माझा जोडीदार. कोड माझ्यापेक्षा चांगला लिहायचा. मी नवीन सॉफ्टवेअर चढवलं की पेटी बंद होऊन आपोआप परत चालू व्हायची. ती बंद झाली की सॉनात घंटा वाजायची. पेन्टीने उठायचं, टॉवेल गुंडाळायचा, बोळाच्या टोकाला धावायचं आणि भट्टीचं बटण बंद करायचं. पेटी तोवर थांबणार.

वेर्ना : चाळीस सेकंद.

ओइवा : आम्ही मोजलं. कोरडा असला तर तीस. ओला असला तर फरशीवर घसरायचा, म्हणून जपून, अडतीस. दोन मी सुरक्षेसाठी वाढवले.

वेर्ना : म्हणजे आत्ता, ह्या क्षणी, जगात जिथे जिथे वीज जाऊन परत येते, तिथली पेटी...

ओइवा : पेन्टीची वाट बघते. हो.

वेर्ना : वाळवंटातसुद्धा.

ओइवा : ओल्या पेन्टीची.

वेर्ना : मला बसायला काहीतरी द्या.

ओइवा : ती बादली पालथी घाल.

वेर्ना : पण हे कारखान्यातून बाहेर कसं पडलं?

ओइवा : शुक्रवारी माल निघायचा होता. चाचणीची ओळ काढायची राहिली. सोमवारी लक्षात आलं, तोवर पेट्या जहाजात. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत कुणीतरी विचारेलच, हे काय आहे. विचारलं की सांगू आणि काढून टाकू. पण माणसं यायची, ती ओळ वाचायची, माझ्याकडे लांबून बघायची आणि परत जायची. पुढच्या पिढीच्या पेटीत ओळ जशीच्या तशी. त्याच्या पुढच्या पिढीत पण. तिसऱ्या पिढीला तर त्यांनी तिच्याभोवती चौकट काढली.

मार्केता : ओइवा, कॉफी आणलीय. आणि ही कोण? बादलीवर बसवलंस पोरीला? बाकडं काय पूजेला ठेवलंय?

ओइवा : ऑफिसातली. वेर्ना. तिने विचारलं.

मार्केता : काय विचारलं?

ओइवा : ते.

मार्केता : तोंडाने?

वेर्ना : हो. म्हणजे, दुसरा मार्गच नव्हता. फोन लागत नव्हता.

मार्केता : घे बाई, दालचिनीचा मोठा पाव तू घे. सत्तावीस वर्षं मी ह्याला म्हणतेय, जाऊन सांग. हा म्हणतो, विचारतील तेव्हा सांगेन. मी परिचारिका होते, मला सवय, लोक स्वतःहून दुखतंय म्हणतात. तुम्ही ऑफिसवाले दात पडेपर्यंत गप्प.

वेर्ना : मला आता फक्त एवढंच लिहायचंय की ओळ काढली. पेटी पंधरा सेकंदांत चालू होईल. गिऱ्हाईक खूश.

ओइवा : तू कुठल्या यादीत आहेस?

वेर्ना : तुम्हाला काय माहीत यादीचं?

ओइवा : सप्टेंबर आहे. माणसं कमी करायच्या आधीच्या, कायद्याच्या सहा आठवड्यांच्या वाटाघाटी सुरू असणार. मी अशा सहा पाहिल्यात.

वेर्ना : आमच्या गटातून चार जण जाणार. तीन नावं जवळपास ठरलीत. चौथा एक तर मी, नाही तर यालमारी. मी आधी दोन कंपन्यांतून सामानाचा खोका उचलून बाहेर पडलेय, तिसरा खोका उचलायची ताकद नाही माझ्यात. म्हणून तर चालत आले. हे करून दाखवलं तर कदाचित राहीन.

ओइवा : मग चूक करू नकोस. सगळं एकदम काढलंस की टाळ्या वाजतील, आणि पुढच्या सहामाहीत परत यादी. चाळीस सेकंद आहेत. गिऱ्हाइकाला हवेत ते काढ, पंचवीस म्हण. पंधरा राहिले. दर वर्षी एक काढायचा. "सुरू होण्याचा वेग वाढवला" असं लिहायचं. तुझी पंधरा वर्षं निघाली.

वेर्ना : हे तुम्ही गंभीरपणे बोलताय?

ओइवा : आणि माझं नाव काढून तुझं घाल. "वेर्नाला विचारल्याशिवाय हात लावू नका." सहा वेळा यादी निघाली, सहाही वेळा कुणीतरी वरून ती ओळ दाखवली. म्हणाले, ह्याला कसं काढणार, आतलं ह्यालाच ठाऊक. मी सुरुवातीला हवेतून फॅक्स पाठवायचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. फॅक्स संपले. मग जे जे लिहिलं ते ते संपलं. मी राहिलो.

मार्केता : पेन्टीचं सांग तिला. पाव खातेय तोवर सांग.

ओइवा : त्याची गरज नाही.

मार्केता : तिने विचारलेलं नाही म्हणून?

वेर्ना : पेन्टीचं काय झालं?

ओइवा : चौथ्या यादीत आमच्या खोलीतून एक जण जायचा होता. तो किंवा मी.

वेर्ना : आणि ओळ तुमच्या नावावर होती.

ओइवा : धावायचा तो. टाइप करायचो मी. मी साहेबाच्या दारापर्यंत गेलो होतो, वेर्ना. आत गेलो. म्हटलं, त्या ओळीबद्दल बोलायचंय. तो उठला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, नको, सांगू नकोस, माझ्या डोक्यात शिरणार नाही, तू आहेस एवढं पुरे. मी परत येऊन बसलो. दुपारी पेन्टीने सामान भरलं.

वेर्ना : त्याला कळलं?

ओइवा : मीच सांगितलं. म्हणाला, बरं झालं, नाही तरी माझे गुडघे गेलेत.

मार्केता : आता केमी गावात शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवतो. दर उन्हाळ्यात इथे येतो, हसतखेळत असतो. ह्यालाच त्याच्या डोळ्यात बघवत नाही. आणि मिळालं काय ह्याला त्या ओळीतून? विचार की.

वेर्ना : काय मिळालं?

ओइवा : नोकरी.

मार्केता : आणि? जेवायला कोण बसायचं शेजारी?

ओइवा : मी उशिरा जेवतो.

मार्केता : उशिरा का जेवतोस?

ओइवा : लवकर गेलो की टेबलावरचे सगळे गप्प व्हायचे. त्यांना वाटायचं, मी काहीतरी तपासतोय. सगळे अकराच्या आत जेवायला बसतात, म्हणून मी साडेबाराला जायचो. तोवर सूप गार झालेलं असायचं, पण जागा भरपूर.

वेर्ना : आम्हाला वाटायचं, तुम्हाला एकटं बसायला आवडतं.

ओइवा : पहिली दोन वर्षं आवडलं.

(वेर्नाने कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. दोन टेबलांच्या अंतरावरून पाच वर्षं पाहिलेला हा माणूस तिला आत्ता पहिल्यांदा पूर्ण दिसला, आणि त्याच्याच खुर्चीत बसलेली ती स्वतःही. पंधरा वर्षं, दर वर्षी एक सेकंद.)

वेर्ना : काढते मी.

ओइवा : पंचवीस?

वेर्ना : चाळीस. आणि कारण लिहिते. सॉना, फ्यूज, टॉवेल, सगळं.

ओइवा : अडतीस आणि दोन, असं लिही. दोन वेगळे आहेत.

वेर्ना : अडतीस आणि दोन. आणि ज्याने धावून ते मोजून दिले, त्याचं नाव.

मार्केता : पेन्टी आरो. शेवटी ओकार आहे हं, आकार नाही. त्याच्या निरोपाच्या केकवर चुकीचं लिहिलं होतं.

ओइवा : असं केलंस तर तुझ्याकडे काहीच उरत नाही, पोरी. पुढच्या वेळी कुणी वरून काय दाखवणार? सोमवारी सगळे हसतील आणि मंगळवारी यादी तिथेच.

वेर्ना : माहितेय.

ओइवा : तो यालमारी काही लपवून बसलाय का?

वेर्ना : त्याच्याकडे लपवायला काही नाही. त्याला दोन महिन्यांची जुळी आहेत, तो बैठकीत झोपतो.

मार्केता : मग राहू दे त्याला थोडे दिवस. ऑफिसात तरी झोप मिळते.

वेर्ना : नाव आलं तर येईल. खोका उचलून परत बाहेर पडेन. पण लोकांनी लांबून बघत राहायचं आणि मी उशिरा जेवायचं, ते नाही जमणार मला. मला गार सूप चालत नाही.

ओइवा : साहेब विचारेल, हे सगळं तुला कुणी सांगितलं.

वेर्ना : ओइवाने.

ओइवा : तो म्हणेल, मग आधी का नाही सांगितलं त्याने.

वेर्ना : म्हणेल. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुम्हीच द्या. सोमवारी या.

ओइवा : मी रजेवर आहे.

मार्केता : बटाटे मी काढते.

ओइवा : तिरका घालायचा काटा.

मार्केता : चाळीस वर्षं मी काय सरळ घालत होते?

ओइवा : किती जण असतील बैठकीत?

वेर्ना : अकरा. यालमारी झोपला तर दहा.

ओइवा : आणि मी उभं राहून सांगायचं, की टॉवेल गुंडाळून...

वेर्ना : बसून सांगा. कुणी प्रश्न विचारणार नाही, त्याची खात्री देते. पण ऐकतील.

ओइवा : नऊला सुरू झालं तर साडेनऊला संपेल. मग मी साडेबारापर्यंत करायचं काय तिथे?

वेर्ना : साडेबारा कशाला? आम्ही पावणेअकराला जेवायला बसतो. सोमवारी वाटाण्याचं सूप असतं, गरम असतं तेव्हा.

ओइवा : पावणेअकरा.

वेर्ना : खिडकीपाशी. थोडं सरकून बसावं लागतं.