आतल्या कप्प्यांची बंडी

जबाब देणार: नाव गोपनीय ठेवले आहे. वय ५८ वर्षे. धंदा शिवणकाम. राहणार बाजारामागची गल्ली, घड्याळजीच्या दुकानावर, पहिला मजला.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पुढच्या खोलीत शिवणयंत्र आहे, मागच्या खोलीत राहणे. पती हयात नाहीत. मुलगी लग्नानंतर परदेशात असते. तिचा फोन येतो.

अटक केलेल्या इसमास मी गेल्या वर्षापासून ओळखते. औषधाच्या बाटल्या विकतो असे त्याने सांगितल्यामुळे मी त्याला औषधवाला म्हणत असे. तो मला मावशी म्हणे. त्याने माझ्याकडून सुती बंडी शिवून घेतली. आतून मऊ अस्तर, अस्तराला चिंचोळे कप्पे. बाटल्यांना अंगाची ऊब लागते, असे त्याचे म्हणणे होते. घालून बघताना त्याने विचारले, "मावशी, पोट सुटल्यासारखं दिसतंय का हो?" मी म्हणाले, "सुटलंय ते दिसणारच. कापडाला कशाला दोष?" तो बराच वेळ हसला.

त्यानंतर काम नसतानाही तो येई. कोपऱ्यावरून दोन चहा आणी आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसे. "तुमच्या मशीनपेक्षा माझी जीभ जास्त चालते," असे म्हणे. ते खरे होते. एकदा मला ताप होता, तर खाली जाऊन दुकानातून गोळ्या घेऊन आला. औषधवाल्याला गोळ्या विकत का आणाव्या लागल्या, हे मी विचारले नाही.

संशय आला नाही का, असे विचारल्यावरून सांगते की, तो आला की मी यंत्र थांबवत असे.

सोमवारी सकाळी तो घाईने आला. बंडीची खांद्याची शिवण उसवली होती. त्याने बंडी काढून कापण्याच्या टेबलावर ठेवली. त्या वेळी कप्प्यांत काय असते ते मी पहिल्यांदा पाहिले. पांढरी अंडी होती. एका कप्प्यातून नखाने टकटक केल्यासारखा आवाज येत होता. त्याने ते अंडे बाहेर काढले. कवच तडकले होते, आत पिल्लू हलत होते.

"हे काय रे?" मी विचारले.

तो म्हणाला, "पोपट आहेत, आतल्या जंगलातले. फार थोडे उरलेत, म्हणून तर भाव आहे. पण हे गेलं. अंडं गप्प बसतं, पिल्लू ओरडतं. विमानात नेता येत नाही. केरात टाका."

मी विचारले, "एवढ्या उंच झाडांवरून अंडी काढता कशी?"

"काढतो कुठे? झाडच पाडतात आमची माणसं."

"आणि त्यांचे आई-बाप?"

"घिरट्या घालतात आठवडाभर. जिथे ढोली होती ना, तिथेच हवेत." त्याने रिकाम्या जागेभोवती हात गोल फिरवून दाखवला. "मग काय, पाखरूच ते. जातं कुठेतरी."

बाकीची अंडी त्याने लोकरीत गुंडाळून पिशवीत घेतली, दुपारी बंडी न्यायला येतो म्हणाला आणि गेला. मी पिल्लू कापसात घेऊन पोटाशी धरले, खोलीला कुलूप लावले आणि चालत ठाण्यात आले. टेबलाशी बसलेले जमादार म्हणाले, "बाई, पोपटाची तक्रार घेऊन आलात?" आतून साहेबबाई आल्या. त्यांनी पिल्लू पाहिले आणि लगेच वनखात्याला फोन लावला. मला सांगितले, "परत जा, नेहमीसारख्या बसा. जमेल?" मी जमेल म्हणाले.

साध्या कपड्यातले दोन शिपाई माप घेण्याच्या पडद्यामागे उभे राहिले. मी बंडीचा खांदा शिवला. तो ठरल्याप्रमाणे आला. पिशवी त्याच्या खांद्याला होती, हातात दोन चहा होते. शिपाई बाहेर आल्यावर तो पळाला नाही. त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "मावशी, तुम्ही?" एवढेच म्हणाला. माझ्याकडे एका शाळेचा सदरा होता, त्याची टीप मी पूर्ण केली. पंचांसमक्ष पिशवी, अंडी आणि बंडी मोहोर लावून ताब्यात घेतली. चहा तिथेच राहिला.

वनखात्याच्या डॉक्टरांनी आज कळवले की, मी आणलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी दगावले. अंड्यांतून दोन पिल्ले निघाली आहेत, ती खातात. मोठी झाल्यावर त्यांना जंगलात सोडणार आहेत. झाडे पाडणारी माणसे इसमाने दाखवून दिली, तीही धरली गेली आहेत.

इसमाबद्दल माझी व्यक्तिगत तक्रार नाही. तो मला कधी उलट शब्द बोललेला नाही. त्याचे गाव, घर, माणसे यांविषयी विचारल्यावरून सांगते की, मला काही माहीत नाही. तो जगातल्या सगळ्या गोष्टी बोलत असे, तेवढे मात्र बोलत नसे.

अटकेची खबर कोणाला द्यायची असे विचारल्यावर इसमाने एकच पत्ता लिहून दिला, तो माझा आहे. नात्याच्या रकान्यात मावशी लिहिले आहे. आमचे रक्ताचे नाते नाही. खबर मला मिळाली.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. खाली सही करते.