आडी महिन्यात इस्त्रीचे ओम

...आणि वर लोक विचारतात, सेतू, तोंड पाडून बसायला तुला झालंय काय? काय झालंय! अहो, आडी महिना लागलाय! तुमच्याकडे आषाढ म्हणजे आषाढ, आला नि गेला. इथं कुंभकोणात आडी लागला की नव्या नवरीला उचलून माहेरी नेतात. महिनाभर! का? तर पुढं चित्रैच्या, म्हणजे चैत्राच्या, उन्हात बाळंतपण नको! बरं, चाल कुणाची? तमिळ लोकांची. आमचे पूर्वज घोड्यावर बसून तंजावरला आले, किल्ले घेतले म्हणे, आणि त्यांचा हा वंशज, हायस्कुलातला सायन्सचा मास्तर, सासऱ्याच्या तिण्णैवरून, म्हणजे ओट्यावरून, आत पाऊल टाकायला घाबरतो! आणि सासर तरी कुठं? तिरुवलंचुळी! सहा मैलसुद्धा नाही हो! सायकल काढली तर घाम यायच्या आत पोचतो माणूस...

तुम्हाला सांगतो, एकट्यानं जेवायची सवय वैशाखात लग्न झाल्यावर मोठ्या मुश्किलीनं मोडली, ती आडीत पुन्हा लावायची? आई आहे घरात, पण कामाक्षी नाही तर घर खायला उठतं. आठवण येते हो तिची. फार येते.

तर आडीच्या पहिल्या दिवशी जावयाला जेवण असतं. जेवा, वेष्टी म्हणजे धोतर घ्या आणि एकटे घरी चला! आमचे सासरे कृष्णमूर्ती राव, त्यांच्याकडे यंदाच वीज आली, आणि आल्याआल्या त्यांनी विजेची इस्त्री आणली. पायसम वाढताना सहज बोलून गेले, "इस्त्री लाविली की दिवा मंद होतो पाहा, कां बरें?" झालं! मला पायसम गोड लागलं ते तेव्हा. म्हटलं, "मामा, हे मोजायलाच पाहिजे! शाळेतून व्होल्टमीटर आणतो, अँमीटर आणतो, येत्या शनिवारी हजर होतो!"

आणि शनिवारी बसमध्ये, दोन मीटर मांडीवर घेऊन बसल्यावर, डोक्यात प्रकाश पडला. गणित ते किती? एक भागाकार, एक गुणाकार! व्होल्टला अँपियरनं भागा, झाला रेझिस्टन्स. व्होल्टलाच अँपियरनं गुणा, झाली पॉवर. संपलं! अरे, मी वैद्य का नाही झालो? ताप आला तर चार दिवस नाडी बघता येते! जोशी असतो तर पत्रिका मांडूनच दुपार घालवली असती! आणि मी शिकलो काय, तर एक भागाकार, एक गुणाकार!

पण मी हार मानली नाही. वायरींची टोकं घासली. पुन्हा घासली. मीटरची काच पुसली. तीनदा पाणी मागितलं, म्हटलं पाणी घेऊन कोण येईल? तिन्ही वेळा सासरे आले! शेवटी बटण दाबावंच लागलं. काटे कुठं थांबले? दोनशेवीस व्होल्ट, दोन अँपियर! मेल्या इस्त्रीला पावणेदोन-बिवणेदोन खायला काय झालं होतं? कागद लागला असता, पेन्सिल लागली असती, पेन्सिल शोधायला कुणी आत... नाही! दोन! पोरंसुद्धा तोंडी सांगतील!

मी उत्तर गिळून बसलो, तेवढ्यात सासऱ्यांनाच काय सुचलं कोण जाणे, त्यांनी हाक मारली. "कामाक्षी, इस्त्री तूंच करतेस, तूंही शीक ये!"

आली! दाराच्या आडून आली, अर्धीच दिसली. केसांत मोगरा होता. मी विचारलं, "दोनशेवीस व्होल्ट, दोन अँपियर. सांग, पॉवर किती?"

"एकशेदहा," म्हणाली.

"अगं, तो रेझिस्टन्स. तो भागाकार. पॉवरला गुणायचं!"

"मग दोनशेबावीस."

"मिळवू नकोस, गूण!"

"कळलें नाही. पुन्हा सांगा की."

झालं, माझ्यातला मास्तर उठला! गणित ते किती, एक भागाकार, एक गुणाकार, आणि एवढं येत नाही? मग मी कावेरीच काढली. म्हटलं, व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर. अँपियर म्हणजे वाहतं पाणी. ओम म्हणजे वाटेतला अडथळा. सासरे दारात खुर्ची टाकून मधोमध बसलेले.

तिनं हळूच विचारलं, "अडथळा मोजिला म्हणजे कमी होतो काय?"

मी म्हणालो, "छे! मोजला की कळतो फक्त."

मी आणखी दोनदा समजावलं. असं समजावलं, की इन्स्पेक्टरनं टाळ्या वाजवल्या असत्या! तेव्हा खाली बघून म्हणाली, "एकशेदहा ओम. चारशेचाळीस वॉट." आणि आत गेली.

"शाब्बास!" सासरे म्हणाले. "कळलें तीस! आतां उठा, चारची बस साधेल."

मेहुणा स्वामीनाथ पोचवायला आला. बस सुटता सुटता म्हणतो, "भावजी, अक्काला आज काय झालें हो? शाळेत गणितांत सदा पहिली ती. मला बीजगणित तीनेंच शिकविलें..."

बस निघाली. उडी मारावी तर मांडीवर शाळेची मीटरं! माझी बायको माझ्यासाठी दाराआड उभी राहून मुद्दाम चुकत होती हो. बेरीज करत होती बिचारी! अजून दहादा चुकली असती, सूर्य मावळेपर्यंत चुकली असती, आणि मी... मी तिच्या चुका सुधारत बसलो!

घरी आलो, तर आई दारातच. "भेटली कां रे सून? येवढा वेळ काय केलेंस तिथें?"

म्हटलं, "पहिल्या वर्गात पास केली तिला. वाढ जेवायला."