माणूस मागवायचं लाल बटण

...आणि वर ते यंत्र मलाच विचारतं, ‘तुम्ही अजून इथे आहात का?’ आता याला काय म्हणायचं? अरे, दोन तास बसमध्ये उभा राहून आलोय, पोटात आग पडलीय, पंधरा मिनिटं तुझ्या काचेवर बोट आपटतोय, आणि तू मला विचारतोस, आहात का? नाही, मेलो! तुझ्यापुढं उभा राहून राहून मेलो, आता खाली फरशीवर पडलोय, ओलांडून जा म्हणावं पुढच्याला!

तुम्हाला सांगतो, मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आजारी नसला तर. माझी धाकटी शहरात त्या बर्गरच्या दुकानात कामाला. दिवसा काउंटरवर उभी राहायची, संध्याकाळी नर्सिंगच्या क्लासला जायची. खोलीचं भाडं, क्लास, सगळं त्या एका नोकरीवर. मागं तिचा फोन आला, ‘बाबा, मला काउंटरवरून बाहेर घेतलंय, आता मी लोकांना मार्गदर्शन करते.’ मार्गदर्शन! आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला धड रस्ता सांगितला नाही. हिच्या आईनं तासाभरात सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी न सांगता जाऊ, पोरगी कशी मार्गदर्शन करते ते लांबून बघू.

गेलो. तर काउंटरच नाही! जिथं चार पोरी उभ्या असायच्या तिथं फळ्या ठोकून बंद केलेलं, पुढं प्लॅस्टिकची झाडं. आणि दारात दाराएवढी उंच चार यंत्रं, सरळ उभी, चकाचक. चकाचक म्हणजे लांबून. जवळ जाऊन बघा, शी! सगळ्या गावानं बोटं चाटून चाटून त्याच काचेवर लावलेली. तेलाचे डाग, सॉसचे डाग, एका जागी तर लहान पोरानं नाक पुसलेलं स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच्यावरच बोट ठेवून म्हणे जेवण मागवा! मी मोठ्यांदा विचारलं, ‘अरे, माणूस कुठाय?’ कुणी वळूनही बघेना. भिंतीत एक भोक, त्यातून एक हात यायचा, पिशवी ठेवायचा, परत आत. हात दिसतो, मालक दिसत नाही. भुताटकी काय याहून वेगळी असते?

बरं, म्हटलं दाबू. दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. त्याचं काय आहे, आमच्या बोटांची टोकं तीस वर्षांत सिमेंटनं खाऊन टाकलीत. कातडं असं कोरडं ठाक, की यंत्राला वाटतं कुणी लाकूड लावलंय. आधार कार्... जाऊ द्या, कुठल्याच सरकारी मशीनला माझं बोट आजवर पटलेलं नाही. तर हे काय पटवून घेणार! आणि तेवढ्यात ते विचारतं, ‘तुम्ही अजून इथे आहात का?’

तुम्हाला सांगतो, माझं डोकं सटकलं. मी भिंत तपासतो तसं त्याला उलट्या बोटानं, पेरानं, ठाक ठाक ठाक हाणलं. प्लास्टर पोकळ राहिलंय का बघायला आम्ही असंच वाजवतो. तर काय सांगू? चाललं की! बर्गरचं चित्र उघडलं. पुन्हा ठाक, मोठा. ठाक, कांदा नको. ठाक, झालं! च्यायला, तीस वर्षं भिंती वाजवल्याचा उपयोग इथं व्हायचा होता.

आता माझ्यामागं रांग. पहिल्या एक आजी, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. त्यांचंही बोट चालेना. काचेच्या खाली कोपऱ्यात एक खरंखुरं, दाबायचं लाल बटण होतं, ‘मदत’ लिहिलेलं. त्या ते दाबायला निघाल्या. मी हात आडवा घातला. का? नीट ऐका. कोपऱ्यातल्या बाकावर पिवळं जाकीट घातलेली एक पोरगी पाठमोरी बसली होती, मांडीवर डबा. वेणी बघूनच ओळखलं, माझीच. पहिला घास तोंडात घालत होती. म्हटलं, आता हे बटण वाजलं की हिला उठावं लागणार. जेवू दे लेकराला सुखानं. म्हणून आजींना म्हणालो, ‘कशाला कुणाला उठवता? मी सांगतो, असं, उलट्या बोटानं वाजवा.’

आजींना जमलं. त्यांच्यामागचे टपालवाले काका, त्यांना जमलं. मग मला चेवच आला! चारही यंत्रांसमोर फिरलो, आलेल्या प्रत्येकाला शिकवलं. लोक म्हणायला लागले, वा मामा, हुशार आहात. हुशार! अठ्ठावन्न वर्षांत हा शब्द मला उद्देशून पहिल्यांदा कुणी वापरला. अर्धा तास गेला, एका माणसाला मी लाल बटणाला हात लावू दिला नाही.

पोरगी डबा धुऊन आली. मला बघून चकित. मग यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘बाबा, कुणी लाल बटण दाबलं नाही?’

‘दाबूच दिलं नाही,’ मी म्हणालो. छाती ही एवढी.

तिचा चेहरा ताज्या भिंतीवर पाणी मारायचं राहून गेल्यासारखा सुकला. मग हळूच तिनं सांगितलं. चारातल्या तीन पोरी काढल्या. हिला तेवढी ठेवली, त्या लाल बटणावर. दिवसाला वीस वेळा तरी बटण वाजलं पाहिजे. आठवडाभर कमी वाजलं की समजायचं लोक शिकले, मग पिवळ्या जाकिटाची गरज संपली. जेवायच्या वेळीच जास्त वाजतं, म्हणून ती बाकावर बसून खाते, कान बटणाकडं लावून.

मी विचारलं, मग मार्गदर्शन? ती म्हणाली, हेच.

तेवढ्यात आतून तिचा साहेब आला. टाय लावलेला, वय माझ्या प्लास्टरच्या थापीपेक्षा कमी. माझा हात हातात घेऊन हलवायला लागला. ‘काका, मी कॅमेऱ्यात बघत होतो. ग्रेट! ही टकटक आम्हाला सुचलीच नव्हती.’ आणि तुम्हाला सांगतो, दहा मिनिटांत त्या हलकटानं चारही यंत्रांवर कागद चिकटवला: ‘बोट चालत नसल्यास उलट्या बोटाने टकटक करावी.’ वर हाताचं चित्र. आणि मला बक्षीस म्हणून एक बर्गर फुकट! चित्रात बघाल तर उशीएवढा, हातात आला तो कुणीतरी त्याच्यावर बसून उठल्यासारखा. खाल्ला मी. थुंकायची लाज वाटली म्हणून गिळला. असलं कडू जिन्नस मी जन्मात खाल्लं नाही.

परतीच्या बसमध्ये झोप कसली, डोळा लागेना. पुढच्या सुट्टीला परत गेलो. ठरवूनच गेलो, आज बटण दाबायचं. पहिलं काम, जाता जाता खांदा घासून एक कागद पाडला. मग यंत्रापुढं उभा राहिलो, बोटाची पेरं लांब ठेवून नुसतं टोक काचेवर. चालेना. मी मोठ्यांदा म्हणालो, ‘अरे, माणूस कुठाय?’ आणि लाल बटणाकडं हात नेला, तर मागून कुणीतरी मनगट धरलं. त्याच जाड चष्म्याच्या आजी!

‘अहो, कशाला पोरीला उठवता? असं वाजवायचं.’

‘मला येत नाही, आजी.’

‘तुम्हीच तर शिकवलंत मला. विसरलात?’ आणि मागच्या माणसाला हळूच, ‘वय झालं हो बिचाऱ्यांचं.’

म्हणजे बघा! मीच शिकवलेलं मलाच शिकवतात. टपालवाले काकाही धावून आले. दोघांनी मिळून माझी ऑर्डर दिली, कांद्यासकट. मी काढायला सांगितला तर म्हणाले, राहू द्या, कांदा चांगला असतो.

आता मी गर्दी नसताना जातो. दर सुट्टीला. साहेबानं ओळखू नये म्हणून टोपी कपाळावर ओढून उभा राहतो, लाल बटण दाबतो, एकदा, मग सरकून दुसऱ्या यंत्रावर एकदा, मग तिसऱ्यावर. परवा तिचा आकडा एकोणिसावर अडला होता, विसावा माझा. ती पिवळं जाकीट घालून येते, साहेब कॅमेऱ्यातून बघत असतो, म्हणून परक्यासारखं विचारते, ‘बोला सर, काय मदत करू?’ मी म्हणतो, ‘बघा ना मॅडम, मला यातलं काही कळत नाही.’ ती माझं बोट धरून काचेवर टेकवते आणि तोंड न हलवता विचारते, ‘आईचा गुडघा कसा आहे?’ मी बर्गर निवडत निवडत सांगतो, बरा आहे. ‘क्लासची परीक्षा?’ मी विचारतो. ती म्हणते, अजून दोन महिने. मोठा की लहान, सर? मोठा, मॅडम. जास्त वेळ झाला की यंत्र विचारतंच, ‘तुम्ही अजून इथे आहात का?’

आहे बाबा, आहे. दोन महिने तरी आहे.

सगळं जग सांगतं, शिका, पुढं जा. आमच्या घरात पोरीला शिकायचं असेल तर बापानं अडाणी राहावं लागतं. राहतो. तेवढं एक मला न शिकवता येतं.