नऊ नंबरची बरणी

(प्रयोगशाळा. टेबलावर दोन बरण्या, दोन्हींवर नऊचा आकडा. नाव चालवणारे काका दारातच चपला काढून उभे.)

ताई : चपला राहू द्या काका, इथे सगळे घालूनच येतात. बसा. आणि सांगा, गेल्या महिन्यात आपण समुद्रात नऊ नंबरच्या जागेवरच थांबलो होतो ना?

काका : तिथेच. यंत्रावरचे जागेचे आकडे तुम्हीच वाचलेत. का हो?

ताई : आज सकाळी या नव्या बरणीचा निकाल आला. मातीची खूण नाही. जवळजवळ शून्य. आणि तीन वर्षांपूर्वीच्या या बरणीत ठासून भरलेली.

काका : खूण म्हणजे ती जंतूंची चरबी.

ताई : लक्षात आहे तुमच्या!

काका : न राहून जाईल कुठे? आठ-आठ तास नावेत दुसरं काय ऐकलं? मातीतले जंतू मरतात, त्यांची चरबी टिकते. नदीने माती नेली की चरबीही जाते. समुद्राच्या तळाला ती सापडली, की समजायचं माती इथवर आली. आमच्या सूनबाईलाही पाठ आहे.

ताई : मग मला समजावा. किनाऱ्यापासून लांब जाताना एकपासून आठपर्यंत खूण कमी कमी होत जाते, आणि नऊला एकदम उसळी. त्या उसळीवर मी लेख लिहिला, की जमिनीतला कार्बन इतक्या लांब पोचून तळाशी गाडला जातो. लोकांनी डोक्यावर घेतलं मला.

काका : ही जुनी बरणी... तुम्हाला उलट्या होत होत्या, त्या दिवसाची?

ताई : त्या दिवसाचं नाव काढू नका.

काका : काढायलाच लागेल, ताई. तळ कडक होता. लोखंडी पंजा तीनदा खाली सोडला, तीनदा रिकामा आला. तुम्ही म्हणालात, नऊची बरणी भरली नाही तर सगळं वर्ष पाण्यात. आणि रडलात.

ताई : चौथ्यांदा मिळाला की गाळ. मला झोप लागली होती, तुम्ही उठवून बरणी हातात दिलीत.

काका : दिली. पण पंजा चौथ्यांदा सोडलाच नव्हता.

ताई : काय?

काका : परत येताना धक्क्याच्या अलीकडे नदीचा काठ ढासळलेला दिसला. तिथली भरली.

ताई : काय बोलताय तुम्ही हे!

काका : मला वाटलं, गाळ तो गाळ.

ताई : तीन वर्षं, काका! एका शब्दाने बोलायचं तरी!

काका : बोलण्यासारखं काही वाटलंच नाही हो. तुम्हीच सांगत होतात, हीच माती तिथे जाते. मग तिथे पोचल्यावर भरली काय, निघायच्या आधी भरली काय! ...ताई, पाणी देऊ का? तुमचा चेहरा पांढरा पडलाय.

ताई : तीच माती तिथे जाते का, तेच तर शोधायचं होतं.

काका : अरे देवा. तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होतात, की मला वाटलं, ते ठरलेलंच आहे.

विद्यार्थिनी : (आत येत) मॅडम, माझा प्रबंध बाइंडिंगला नेते, दुकानदार बारापर्यंतच थांबणार आहे. अरे, काका! आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचंच आहे हं.

ताई : थांब. नेऊ नकोस.

विद्यार्थिनी : का? शुद्धलेखन पुन्हा तपासलंय मी.

ताई : जुनी नऊ नंबरची बरणी समुद्रातली नाही. नदीच्या काठावरची माती आहे.

विद्यार्थिनी : चेष्टा करताय ना? ...माझं चौथं प्रकरण?

ताई : गेलं.

विद्यार्थिनी : गेलं म्हणजे? परवा शेवटची तारीख आहे!

काका : पोरी, मी केलं हे. यांचा काही दोष नाही.

विद्यार्थिनी : पण हे आपल्या तिघांशिवाय कुणाला... नाही. मी काही म्हटलं नाही.

ताई : म्हटलंस. माझं तुझ्याआधी मनात म्हणून झालं.

काका : दोष माझाच, ताई.

ताई : बरणी मी उघडली होती, काका. एवढ्या लांबच्या समुद्रातला गाळ, आणि त्यात शिंपल्याचा एक कण नाही. गवताचं मूळ मात्र होतं, बोटाएवढं. चिमट्याने काढलं.

विद्यार्थिनी : आणि?

ताई : टाकून दिलं. आलेख फार सुंदर येत होता.

विद्यार्थिनी : ...बाकीच्या आठ बरण्या?

काका : गळ्याची शपथ, खऱ्या. तेव्हा ताई जाग्या होत्या.

ताई : मग आठ खऱ्या, आणि ही नवी नऊ खरी. म्हणजे खूण वाटेतच संपते. माती तिथवर पोचतच नाही, निदान आपल्याला सापडेल इतकी तरी. प्रकरण त्यावर लिही. मुदतवाढीचा अर्ज मी करते. लेख मागे घेतल्याचं पत्रही आजच पाठवते. मुळाचं त्यात लिहीन.

विद्यार्थिनी : मुळाचं कशाला, मॅडम?

ताई : नाहीतर सगळं काकांवर जाईल.

विद्यार्थिनी : आणि आभाराचं पान?

काका : माझं नाव काढ, पोरी.

ताई : राहू दे. पुढच्या महिन्यात दहा नंबरला जायचंय, काका. याल ना?

काका : मला नेणार? ...आणि पंजा रिकामाच आला तर?

ताई : तर बरणी रिकामीच द्या. झाकण घट्ट लावून, वर दहा लिहून.