जोडलेली मान

(घनसावंगी. सर्जेरावांच्या घराची पडवी. पुढं अंगणात विकायला लावलेल्या जुन्या मोटारसायकली.)

सर्जेराव: कोणती गाडी ईकली म्हणतीस?

दैवशाला: माझ्याकडं किती गाड्या हायेत दाजी? तुम्ही दिल्ती तीच. काळी.

सर्जेराव: ती तर मोडून पडल्ती तुझ्या दारात.

दैवशाला: पडल्ती. टेम्पोत घातली अन् जालन्याला नेली. माझा भाऊ कल्याण तिथं जुन्या गाड्यांच्याच कामात हाय. त्यानं चेसी जोडली, जोड घासून काढला, वरून रंग मारला. तुम्ही मला दाखवली तेव्हा कशी दिसत व्हती, बराबर तशीच दिसायला लागली.

कौसल्या: बरं केलंस बाई. रोज दारात बघून जीव जळत आसंल. हा लाडू घे. उद्या पंचमी, मनीषासाठी केलेत. लेक-जावई येऊन राह्यलेत आज.

दैवशाला: ठावं हाय अक्का. म्हणून तर आले.

कौसल्या: मनीषाला भेटायला?

दैवशाला: न्हाई. मनीषा कशावर बसून येतीय ते तुमच्या कानावर घालायला.

सर्जेराव: म्हणजे?

दैवशाला: तुमच्या जावयानं गाडी घेतली ना नवीन-जुनी? जालन्यातून?

कौसल्या: घेतली म्हणली मनीषा फोनवर. आल्यावर दाखवते म्हणली, आत्ताच सांगत न्हाई. आदिनाथराव मला म्हणले, मामी, तुम्हाला पहिली चक्कर मारून आणतो. का गं?

दैवशाला: कल्याणकडून घेतली त्यांनी.

सर्जेराव: काय बोलतीस?

दैवशाला: मराठीतच बोलले दाजी.

सर्जेराव: थट्टा करायला आलीस व्हय?

दैवशाला: मी कवा थट्टा केली तुमची? थट्टा तर तुम्ही केली. स्टँडवरच्या हॉटेलात बसून. रामप्रसाद पिऊन पडला म्हणून. माळ हाय माझ्या नवऱ्याच्या गळ्यात. आयुष्यात थेंब शिवला न्हाई त्या माणसानं.

कौसल्या: जाऊ दे ना दैवशाला. झालं गेलं.

दैवशाला: तुझ्यासाठी गेलं अक्का. आमच्या घरात अजून हाये ते. उजव्या हाताची बोटं उसाच्या ट्रॉलीखाली गेली त्यांची. पाच गावच्या मेंढ्या कातरायला ह्यांना बोलवायचे लोक. कातर चालली तर मेंढरू डोळे मिटून पडून राह्यचं, असा हात. आता हात न्हाई अन् वरून दारुड्या म्हणून नाव. कोणी राखणीला बी बोलवत न्हाई. रात्री पिऊन पडंल म्हणतेत.

सर्जेराव: हे बघ, तेव्हाच सांगितलं व्हतं तुला. पडल्यामुळं गाडी तुटली. तुटल्यामुळं तो पडला न्हाई.

दैवशाला: मी मागं बसलेली व्हते दाजी. अंकुशनगरच्या अलीकडं, साधा गतिरोधक. हळूच चालवत व्हते हे. खट्ट आवाज आला अन् हँडल ह्यांच्या हातात सुटून आलं. चाक एकीकडं, आम्ही एकीकडं.

सर्जेराव: ते तू म्हणतीस.

दैवशाला: बरं. मंग तुमचं खरं धरू. तुमच्या म्हणण्यानं गाडी खणखणीत व्हती. आता परत जोडलीय, तर अजूनच मजबूत झाली आसंल. जावई येईल मजेत. तुम्ही कशाला उठून उभे राह्यले?

कौसल्या: अहो, कुठं निघाले?

सर्जेराव: फोन कुठाय माझा?

कौसल्या: तुमच्या खिशातच हाय की.

सर्जेराव: कुठवर आले म्हणली व्हती मनीषा?

कौसल्या: जालन्यातून निघाले म्हणली. छकुलीला टाकीवर बसवलंय, तिला पुढंच बसायचं आसतंय म्हणे. बराच येळ झाला. आता अंबड मागं पडलं आसंल.

सर्जेराव: उचलत न्हाई हा.

दैवशाला: गाडी चालवताना कसा उचलंल? शहाणा जावई हाय तुमचा.

सर्जेराव: मनीषाला लाव. कौसल्या, तू लाव तुझ्या फोनवरून. जल्दी.

कौसल्या: लावते, पण झालंय काय? एवढा घाम का आला तुम्हाला?

सर्जेराव: लाव म्हणलं ना.

कौसल्या: वाजतोय. घेत न्हाई. पर्समध्ये आसंल. अहो, सांगा तरी काय ते.

दैवशाला: मी सांगते. दाजींना गाडीची काळजी लागलीय.

सर्जेराव: दैवशाला, कल्याणला फोन कर. त्यानं जोड कसा मारलाय ते इचार. आतून नळी घातली का नुसतंच वरून वेल्डिंग केलं?

दैवशाला: तुम्ही कसं केलं व्हतं?

सर्जेराव: हे इचारायची येळ हाय का ही?

दैवशाला: हीच येळ हाय. दुसऱ्या येळी तुम्ही कुठं बोलता?

सर्जेराव: लेकरू हाय गाडीवर, बाई. माझी नात हाय.

दैवशाला: मंग जल्दी बोला.

कौसल्या: अहो, काय इचारतीय ती? तुम्ही काय केलं व्हतं?

सर्जेराव: हँडल जिथं चेसीला बसतं ती मान. तिथला जोड टिकत न्हाई. वरून रंग चांगला दिसतो, पण आतून चीर पडतच राह्यती. गतिरोधक, खड्डा, कुठं बी सुटू शकतो. मागं माणूस आसला की जास्तच.

दैवशाला: तुम्हाला कसं ठावं?

सर्जेराव: धंदा हाय माझा.

दैवशाला: न्हाई दाजी. त्या गाडीचं कसं ठावं? पडल्यामुळं तुटली म्हणता ना? मंग टिकत न्हाई हे कशावरून?

सर्जेराव: अजून उचलत न्हाई. कौसल्या, परत लाव.

कौसल्या: मी लावून राह्यले. तुम्ही तिला उत्तर द्या.

सर्जेराव: तू बी?

कौसल्या: माझी लेक हाय त्याच्यावर. बोला.

सर्जेराव: माझ्याकडं आली तेव्हाच तुटलेली व्हती. आधीच्या मालकानं ट्रकला मागून ठोकल्ती. मान पार वाकल्ती. मी सरळ करून जोडून घेतली.

दैवशाला: अन् मला?

सर्जेराव: तुला न्हाई सांगितलं.

दैवशाला: काय सांगितलं व्हतं?

सर्जेराव: मास्तराची गाडी हाय म्हणलं. शाळा ते घर, एवढीच चाललेली.

दैवशाला: अन् मी काय म्हणले व्हते? आठवत न्हाई ना? मी म्हणले, दाजी, मला गाडीतलं कळत न्हाई. पण अक्का अन् मी एका गावच्या, एका विहिरीवर पाणी भरलंय. तुम्ही बिलकुल खोटी वस्तू देणार न्हाई. तुम्ही हसले व्हते.

कौसल्या: म्हणजे रामप्रसाद पिलेले नव्हते.

सर्जेराव: मला काय ठाऊक पिलेला व्हता का नव्हता.

कौसल्या: नव्हते. तुम्हाला ठावं व्हतं. म्हणूनच तुम्ही सगळ्याच्या आधी बोलले. अजून ते दवाखान्यात पोचले नव्हते तर तुम्ही घरी येऊन मला सांगितलं. अन् मी येडी, मी बी बायकांत बोलले. नळावर, गिरणीत, सगळीकडं.

दैवशाला: माझ्या कानावर आलं अक्का.

कौसल्या: आदिनाथरावांना गाडी पाह्यजे व्हती तेव्हा मीच म्हणले, घरच्याच अंगणातली द्या की. तुम्ही म्हणले, नको, त्याला भायेरची घेऊ दे, घरात व्यवहार बरा न्हाई. व्यवहाराचं नुसतं निमित्त व्हतं ते.

सर्जेराव: आता हे उकरून काय करायचं? मी निघतो. अंबडच्या रस्त्यानं जातो, समोरून गाठ पडंलच.

कौसल्या: कशावर जाताय?

सर्जेराव: माझ्या गाडीवर. कशावर म्हणजे?

कौसल्या: थांबा. फोन आला. मनीषाचाच.

सर्जेराव: दे इकडं. हॅलो, मनीषा? कुठायेस? थांबा तिथंच. गाडीवरून उतर आधी. छकुलीला खाली घे. घेतली का? नुसतं व्हय व्हय करू नको, उतर. काय? कुठं उभे हाये? रस खाऊन... हां, रस पिऊन राह्यले. बरं. बरं. बसा तिथंच. न्हाई, रडत न्हाई मी. गाडी चालवू नका. आदिनाथरावांना म्हणावं हँडलच्या खाली बघा, जिथं चेसी... काय रंग? निळी? निळी कशी? काळ्यावर निळा मारलाय का? मंग? कोणाची व्हती? आदिनाथरावांच्याच शाळेतल्या बाईची. बरं. किती... न्हाई, कायी न्हाई. या तुम्ही. हळू या.

कौसल्या: काय म्हणली?

सर्जेराव: दुसरीच गाडी हाय.

कौसल्या: दुसरी म्हणजे?

सर्जेराव: हिची न्हाई. हिला इचार. खोटं बोलली ही, दोन्ही तोंडांनी खोटं. माझा जीव जायचा बाकी व्हता.

दैवशाला: अर्धंच खोटं बोलले.

कौसल्या: दैवशाला, माझी नात व्हती गं. मला काय काय दिसलं एवढ्या येळात. तू बसून बघत व्हतीस.

दैवशाला: बघत व्हते. तुला बी दिसावं म्हणूनच आले. तू पण बोलली व्हतीस ना नळावर.

कौसल्या: अर्धं खोटं म्हणजे काय?

दैवशाला: कल्याणनं गाडी जोडली, रंग मारला, ते खरं. तुमचा जावई बघायला आल्ता, ते बी खरं. कल्याणनं मला फोन केला. म्हणला, ताई, गिऱ्हाईक कोण आलंय ठावं हाय का, सर्जेरावचा जावई. मी हातातलं काम टाकून जालन्याला गेले.

सर्जेराव: बघ, बघ कौसल्या. मनात काय व्हतं बघ हिच्या.

दैवशाला: व्हतं. न्हाई कशाला म्हणू? एसटीत बसल्यापासून माझ्या मनात दुसरं कायी नव्हतं. देवानं आणून दिला म्हणले. मी मागं उभी राह्यले. त्यांनी गाडी चालू केली, आवाज ऐकला, पसंत पडली. कल्याण माझ्याकडं बघत व्हता. मी मान हलवली की सौदा झाला आसता.

कौसल्या: मंग?

दैवशाला: तुझ्या नातीनं टाकीवर बसून आरसा आपल्याकडं वळवला अन् तोंड बघत बसली. जीभ काढून दाखवत व्हती स्वतःलाच. माझ्यानं न्हाई झालं अक्का. मी म्हणले, कल्याण, त्यांना सांग ह्या गाडीची चेसी तुटलेली हाय. त्यानं सांगितलं. तुझ्या जावयानं हात जोडले त्याला. म्हणला, असं सांगणारं कोणी भेटत न्हाई ह्या धंद्यात, माझे सासरे बी ह्याच धंद्यात हायेत.

कौसल्या: अन् ती काळी गाडी?

दैवशाला: ते गेल्यावर कल्याणकडून कापून घेतली. कटरनं, तुकडे करून. आता ती कोणाच्या बुडाखाली जात न्हाई.

सर्जेराव: एवढी चांगली हायेस तर इथं कशाला आलीस आग लावायला?

दैवशाला: चांगली न्हाई मी. लेकराला सोडलं, तुम्हाला न्हाई. एवढे दिवस मी ज्या धाकात झोपून उठले तो तुम्हाला थोडा येळ तरी लागावा. अन् तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं. दुसऱ्या कशानं तुमचं तोंड उघडत न्हाई, हे मला कळलं व्हतं.

सर्जेराव: ऐकलंस ना? झालं समाधान? आता जा. हात जोडतो. मुलं येतील, सणाचं घर हाय.

दैवशाला: अजून न्हाई झालं.

सर्जेराव: काय पाह्यजे मंग? दवाखान्याचा खर्चा देतो. लेखी देऊ का?

दैवशाला: खर्चा ठेवा तुमच्याजवळ. ज्या हॉटेलात बोलले तिथंच बसून बोला. त्याच माणसांसमोर. रामप्रसाद पिलेला नव्हता, गाडी माझ्याकडूनच तुटलेली गेल्ती. एवढंच.

सर्जेराव: अन् धंदा? ह्यानंतर कोण घेईल माझ्याकडून गाडी?

कौसल्या: अंगणातल्या ह्या गाड्यांत अजून कोणती जोडलेली हाय?

सर्जेराव: तू आत जा.

कौसल्या: न्हाई जात. ती लाल? परवा त्या पाव्हण्याला ठरवली ती? त्याची म्हातारी बरोबर आल्ती. मी चहा दिला तिला.

सर्जेराव: प्रत्येक जुन्या गाडीत कायी ना कायी आसतंय, कौसल्या.

कौसल्या: लाल का?

सर्जेराव: लाल. अन् कोपऱ्यातली ती बिनआरशाची.

कौसल्या: दोन्हीच्या चाव्या द्या माझ्याकडं.

सर्जेराव: पागल झालीस का?

कौसल्या: द्या. न्हाईतर मनीषा उतरल्या उतरल्या मी सांगते. जावयासमोर.

सर्जेराव: घे. घे बाई. पण मनीषाला कायी बोलू नको. बापाबद्दल तिला...

कौसल्या: मी न्हाई बोलणार. तुम्ही बोलायचं.

सर्जेराव: काय बोलू लेकीला?

कौसल्या: फोनवर एवढे घाबरून का वरडले, ते ती इचारणारच हाय. तेव्हा खरं सांगा. आदिनाथरावांनी बी ऐकू द्या. अन् सण झाला की हॉटेलात जायचं. मी येते बरोबर. बायका जात न्हाईत तिथं, पण मी येते.

सर्जेराव: तू माझी बायको हायेस का हिची बहीण?

कौसल्या: ते बी सांगते सावकाश.

दैवशाला: येते मी अक्का. शेवटची एसटी गाठायची हाय.

कौसल्या: बस खाली.

दैवशाला: ह्यांना सांगून न्हाई आले.

कौसल्या: फोन कर त्यांना. उशीर व्हईल म्हणावं. हे बोलताना तू समोर पाह्यजेस, न्हाईतर हे परत दारूवर ढकलतील.

दैवशाला: तुझ्या लेकीला माझं तोंड बघवंल का?

कौसल्या: तिचं ती बघंल. इकडं सरकून बस माझ्याजवळ. इथून रस्ता दिसतो.