चिकटतं कसं, ते मला विचारा

…आणि वर आई म्हणते, ‘एवढं त्यातलंच शिकलीस ना?’ हो, त्यातलंच शिकले, म्हणून तर तोंड लपवावंसं वाटतं. तुम्हाला सांगते, चार वर्षं परदेशात मी एकच गोष्ट बघितली, दुधातली प्रथिनं कशाकशाला चिकटतात ती. म्हणजे पोलादाची टाकी तुम्हाला चकचकीत दिसते, पण तिच्या अंगावर ऑक्साइडचा थर असतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि प्रथिन तरंगत तरंगत तिथं येतं, टेकतं, दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यासारखे हातपाय पसरतं, आणि मग हलायचं नाव नाही. दूध गाळायच्या मेम्ब्रेनवरही तेच. चिकटतं कसं, ते मला विचारा. सोडवायचं कसं?… तो धडा माझ्या प्रबंधात नव्हता.

तो माझ्या मामांना येत होता. बावीस वर्षं आमच्या छोट्याशा डेअरीत मेम्ब्रेन धुतलं त्यांनी. दूध थांबलं की लगेच गार पाणी सोडायचं, बाहेर येणारं पाणी काचेच्या पेल्यात धरायचं, पांढरं दिसतंय तोवर थांबायचं, पेल्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसली की मगच कोमट पाणी आणि कॉस्टिक सोडा. पाऊण तास जायचा. मी नुकती परतलेली, डोक्यात सुधारणा नुसत्या खदखदतायत. म्हटलं, ‘मामा, जंतू गार पाण्याला घाबरतात होय? सुरुवातच ऐंशी अंशांच्या पाण्यानं करायची.’ ते म्हणाले, ‘अगं, दूध भाजून बसेल त्याच्यावर.’ आणि मी, सगळ्या कामगारांसमोर, ‘मामा, यातलं तुम्हाला काय कळतं?’

मामांनी पेला पुसला, खिडकीत उपडा ठेवला आणि घरी गेले.

मी सोडलं कढत पाणी. आता तापवलं की प्रथिनाची घडी उलगडते आणि ते दुप्पट जोरानं बसतं, हे मीच लिहिलंय हो, पान एकशे बारा, आलेखासकट! तिसऱ्या दिवशी मेम्ब्रेनमधून थेंब उतरेना. बाबांनी नव्या मेम्ब्रेनची किंमत कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवली. चिकटतं कसं, ते मला विचारा.

बरं, मेम्ब्रेन नवं येतं, मामा कुठून आणायचे? त्याच संध्याकाळी मी धावत त्यांच्या घरी गेले, दारातच सुरू, ‘मामा, चुकलं, तुमचंच बरोबर होतं, आणि का बरोबर होतं सांगू का…’ म्हणत वही काढली आणि आकृती काढून दाखवली. माफी मागायला गेलेल्या माणसानं आकृती काढावी? मामी आतून म्हणाली, ‘अगं, त्यांना माहितीये ते.’ मामा म्हणाले, ‘हं.’ दुसऱ्या दिवशी मामांचा निरोप, ‘नवा माणूस बघा.’ आई म्हणाली, ‘तिथंही कढतच ओतून आलीस ना?’

तेव्हापासून रोज काम सुटलं की मामांकडे जाते. बसते. विषय काढत नाही. मामी पाणी देते, मी पिते, मामा वर्तमानपत्र वाचतात, मी त्याची मागची बाजू वाचते. पाच महिने झाले. काल पहिल्यांदा पेपर खाली आला. ‘पेला कुठाय?’ म्हटलं, ‘तिथंच, उपडा. कुणी हात लावला नाही.’ मला वाटलं, आता उठतात, आता चपला घालतात… ‘हं,’ म्हणाले आणि पान उलटलं.

काय करणार. उद्या परत जाईन. अजून पाणी पांढरंच येतंय.