मानेवरची सरळ रेघ

न्हावी : मान खाली. अजून थोडी. पाळकसाहेब, हे मागचं काम माझं नाही.

पाळक : मागचं म्हणजे?

न्हावी : मानेवरचं. सव्वीस वर्षं तुमचे केस कापतोय, मानेवर मी गोल कापतो. इथे कुणीतरी पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारलीय.

पाळक : वाढताना झालं असेल तसं.

न्हावी : केस काय रेघ धरून वाढतात? खोटं बोलायला जमत नाही तर कशाला त्रास घेता?

पाळक : बरं. पोस्टाजवळच्या नव्या सलूनमध्ये गेलो होतो. एकदाच.

न्हावी : एकदाच.

पाळक : दोनदा. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी.

न्हावी : म्हणजे दुसऱ्या दिवशी विश्वासूपणावर उपदेश केलात, तो तिथे कापलेले केस घेऊन. आणि मी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसून ‘आमेन’ म्हणत होतो.

पाळक : दिसत होतात तुम्ही. म्हणूनच तो जरा लांबला.

न्हावी : तिथे कुणी विचारलं नाही, आधी कुठे कापायचात?

पाळक : तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हटलं, असंच इकडेतिकडे. दुसऱ्यांदा खोकलो. तिसऱ्यांदा म्हटलं, घरी बायको कापते.

न्हावी : बायबलात शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. तुमच्या वेळी?

पाळक : शेजारी चिकनचं दुकान आहे. आरवला.

न्हावी : हसू नका, हातात कात्री आहे. साहेब, आपली निम्मी मंडळी टेकडीवरच्या मोठ्या चर्चला गेली. तिथे गादीच्या खुर्च्या आहेत, उपदेश वीस मिनिटांत आटपतो. माझी सूनही तिकडेच जाते. मला म्हणाली, बाबा, तुमची कंबर दुखते, तुम्हीही चला. मी तिला सांगितलं, आमचे पाळक पन्नास मिनिटं बोलतात, त्यातली पंधरा मला कळतात, वीस मी झोपतो. पण तुझी सासू गेली तेव्हा हा माणूस नऊ दिवस रोज माझ्याजवळ येऊन बसला. एक शब्द उपदेश केला नाही. मी नाही जायचा कुठे.



पाळक : असं एखादं वाक्य मला त्या सलूनमध्ये बोलता यायला हवं होतं.

न्हावी : मग गेलातच का? डोक्याला मालिश करतात म्हणून?

पाळक : मालिश चांगली करतात, ते खरं. पण मामा, तुमचा हात थरथरतो. उन्हाळ्यापासून. दोनदा कानाला कात्री लागली. बायको म्हणत होती, त्यांच्याशी बोला. माझी हिंमत झाली नाही. दुकान बदलणं सोपं वाटलं.

न्हावी : लागलं तेव्हा तुम्ही म्हणालात, डास चावला.

पाळक : तेही खोटंच.

न्हावी : म्हणजे बाकीचेही त्यामुळेच यायचे थांबले. शाळेतले मास्तर म्हणाले होते, सध्या केस वाढवतोय. मास्तरांना टक्कल आहे. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पाळक : सगळ्यांनी तुमचं मन जपलं, हाताचं कुणी विचारलं नाही. निदान मी विचारायचं होतं. चुकलो, मामा. माफ करा.

न्हावी : हाताचं मला ठाऊक होतं हो. चहाचा कप हल्ली अर्धाच भरून घेतो. सुनेलाही कळू दिलं नाही. म्हटलं, एकदा बोभाटा झाला की दुकान गेलं.

पाळक : उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ. मी बरोबर येतो. आत येऊन बसतो, ते काय सांगतात ते दोघं मिळून ऐकू.

न्हावी : बघू.

पाळक : बघू नाही. साडेनऊला दारात उभा राहीन.

न्हावी : या. पण आजचं काय करायचं? उठायचं तर उठा, मी मनात ठेवणार नाही. आणि खरं सांगू? त्या पोराची रेघ चांगली आहे.

पाळक : कानाजवळचे राहिलेत. कापा.

न्हावी : मान हलवू नका.

पाळक : मी नाही हललो.

न्हावी : मग मीच. जरा थांबतो.

पाळक : थांबा, मामा. मी बसलोय.